भाजी विकायला गेलो, माणूस सोडवायला थांबलो

आमच्या गावातली माणसं आता कुठं कुठं जाऊन येतात. माझे व्याही दुबई बघून आले. शेजारचा वसंता बायकोला घेऊन काश्मीरला गेला आणि बर्फात पडून कोपर मोडून आला. मी गेलो पुनावळ्याला. चाकणच्या पुढं आमचं गाव. तिथून टेंपोनं सव्वा तासाचा रस्ता, आणि कंपन्यांची शिफ्ट सुटली असेल तर अडीच तासांचा. एवढ्यासाठी प्रवासवर्णन कशाला, असं कुणी म्हणेल. पण मला तिथून परत यायला तीन दिवस लागले. गावातल्या वाचनालयाच्या अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं की मी ह्याच्यावरच लिहीन.

मी तिसरी शिकलो. तीही पुरी नाही, कारण मास्तरांनी मला वर्गात लबाड म्हटलं, मी लबाड नव्हतो, आणि मी परत शाळेत गेलो नाही. ऱ्हस्व-दीर्घ नातीनं बघितलंय. मजकूर तिला बदलू दिलेला नाही.

रविवार, पुनावळे

पुनावळ्याच्या एका सोसायटीनं गेटच्या आत बाजार भरवायचं ठरवलं. मधला दलाल नको, शेतकऱ्यानं यावं, भाजी मांडावी. सोसायटीच्या वैशालीताई म्हणून बाई आहेत, त्यांना माझी नात अश्विनी ओळखते. अश्विनी मारुंजीला भाड्यानं राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं माझं नाव सुचवलं.

आदल्या दिवशी दुपारपासून जमिरुल आणि त्याची बायको साबिना जुड्या बांधत होते. मेथी, कोथिंबीर, पातीचा कांदा, मुळा. जमिरुल माझ्या वस्तीवर सात वर्षं आहे. माणूस बंगालचा, मालदा जिल्ह्याचा. एका कंपनीच्या शेडवर बांधकामाला आला होता. ते काम संपलं आणि ठेकेदार पळाला, तेव्हा माझ्या बांधावर येऊन पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि खुरपं दिलं. माझी दोन्ही पोरं कंपनीत. सुना रानात येत नाहीत, त्यांचं काही चुकत नाही. गावातल्या बायका पूर्वी निंदायला यायच्या, त्यांना आता कॅन्टीनच्या कामाला न्यायला सकाळी गाडी येते. जमिरुल नसता तर माझ्या दोन एकरांत गाजर गवत असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी ते बोलत नव्हतो एवढंच.

पहाटे निघालो. नदीच्या पुलावर धुकं इतकं होतं की टेंपोवाला डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. जमिरुल मागं भाजीत गोणपाट पांघरून बसलेला. पुनावळं जवळ आल्यावर मी गाडी थांबवली आणि मागं जाऊन त्याला म्हणालो, "कुणी इचारलं कुठला, तर चाकणचा म्हणून सांग."

"काका, चाकण?"

"व्हय. चाकण. जास्ती बोलू नको."

कारण असं की सोसायटीनं एक फलक छापला होता. अश्विनीनं त्याचा फोटो आधीच पाठवला होता. 'थेट भूमिपुत्राच्या शेतातून', आणि खाली फेटा बांधलेला मी. माझा फोटो एवढा मोठा कुणी कधी छापला नव्हता.

पुनावळ्यात माझी आत्या दिली होती. लहानपणी बैलगाडीनं यायचो. आता गावठाण मधे खाली राहिलंय आणि चारी अंगांनी पंचवीस पंचवीस मजले, विहिरीच्या तळाला उभं राहून वर बघितल्यासारखं वाटतं. आत्याचं घर शोधायचं मनात होतं, ते राहूनच गेलं.

तिथली माणसं मात्र चांगली. आपल्याकडं गिऱ्हाईक जुडी उचलतं, नाक मुरडतं, मग घासाघीस. तिथं "आजोबा, नमस्कार" म्हणून सुरुवात करतात. पाव किलो मटार मागतात, पाव किलोत चार माणसं कशी जेवतात त्यांनाच ठाऊक. कोथिंबीर फुकट मागत नाहीत, उलट मी वर घातली तर "नको नको, हिचे वेगळे घ्या" म्हणतात. एका पोरीनं विचारलं, "ऑरगॅनिक आहे का?"

"शेणखत घातलंय, बाई. आणि युरिया बी घातलाय. खोटं कशाला बोलू?"

सगळे हसले आणि त्यांना मी फार आवडलो. तिथंच माझं डोकं चढलं.

पांढरी टोपी घातलेले एक निवृत्त साहेब होते. ते मेथी निवडत म्हणाले, "आपण आपल्याच माणसाकडून घ्यायचं. बाहेरच्या भाजीला कुणाकुणाचे हात लागलेले असतात! सीमेपलीकडून आलेले, कागद नाहीत, पत्ता नाही. रोज बातम्यांत बघतोय आपण."

मुळे घेत असलेली एक बाई म्हणाली, "काका, तुमच्याकडे कामाला येते ती कुठली?"

"ती सोलापूरची आहे."

"माझी आसामची आहे म्हणते. मी कागद नाही बघितला. पण ती नाही आली तर माझी कंपनी मला घरी बसवेल."

"बघायला पाहिजे, मॅडम! कायदा आहे तो."

"कायदा बरोबर आहे हो. पण शेतात वाकायला आपली मुलं जाणारेत का? तुमचा मुलगा कुठंय?"

"टोरांटोला."

"घ्या!" बाई म्हणाल्या, आणि लोक हसले. साहेब जरा चिडले. म्हणाले, "तो व्हिसा घेऊन गेलाय. आणि मला काय विचारता, आजोबांना विचारा ना. त्यांच्या शेतात कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वर फलकावरचा फेट्यातला मीही माझ्याकडंच बघत होतो. मी म्हणालो, "आमच्या रानात बाहेरचा माणूस न्हाई. पेरणीपासून जुडी बांधंपर्यंत घरचाच हात."

टाळ्या पडल्या. मेथी तासाभरात संपली. जमिरुल तेव्हा गेटपाशी टेंपोत रिकाम्या पाट्या रचत होता.

त्या गर्दीतच फोन वाजला. चौकीतून बोलतोय म्हणाले. "आजोबा, तुमच्या वस्तीवर कुणी भाडेकरू ठेवलाय का?"

इथं आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. ज्याचा हात आपल्या रानात चालतो, त्याच्याकडून आपण छपराचं भाडं घेत नाही. गडी वस्तीवर राहतो, चूल मांडतो, शेवग्याच्या शेंगा तोडून खातो, त्याचं भाडं कसलं? असं भाडं घेणाऱ्याला आमच्यात पंगतीला शेजारी बसवून घेत नाहीत. आमचे पोलीस पाटील भाडेकरूचा फॉर्म घेऊन दोनदा माझ्याकडं आले होते. दोन्ही वेळा मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. भाडेकरूच नाही तर फॉर्म कशाचा?

तेव्हा मी फोनवर ओरडलो, "भाडेकरू? आमच्या सात पिढ्यांत कुणी भाडेकरू ठेवला न्हाई!" आणि फोन कापला. आजूबाजूची माणसं कौतुकानं बघत होती. मधेच टेंपोवाला येऊन काहीतरी सांगत होता, त्याला मी हातानं मागं सर म्हणून खुणावलं.

दोन वाजता भाजी संपली. टेंपोपाशी आलो तर जमिरुल नाही.

टेंपोवाला म्हणाला, "बाबा, मी सांगाया आलो तर तुमी हात झटकला. त्याला पोलीस घेऊन गेले."

गेटवर परभणीकडचा एक वॉचमन होता. त्यानं सगळं सांगितलं. टोपीवाले साहेब बाहेर आले, जमिरुलला "कुठला रे?" विचारलं. तो म्हणाला चाकण. त्याचं ते "चाकोन" ऐकून साहेबांनी परत विचारलं, त्यानं परत तेच सांगितलं. साहेबांनी फोन लावला. आधार कार्डावरही माझ्याच वस्तीचा पत्ता, कारण त्याला गॅस मिळावा म्हणून तो मीच हौसेनं बदलून दिला होता. बोली बंगाली, कागद चाकणचा, सांगतोय चाकण, आणि ज्याचा पत्ता तो म्हातारा म्हणतोय माझ्याकडं कुणी राहत नाही. कुणालाही संशय येईल.

"बाबा, बसा," वॉचमन म्हणाला. त्यानं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी. "आमी परभणीहून आलो तवा इथली लोकं आमालाबी बाहेरचेच म्हनत व्हती. खा. उपाशी पोटी चौकीत जाऊ नका, तिथं लई बसावं लागतंय."

ती अर्धी भाकरी मी खाल्ली. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं, ह्याची मला अजून चुटपुट आहे.

चौकीतले अधिकारी बाहेर गेले होते. उद्या अकराला या आणि त्याचा गावाकडचा पुरावा आणा, असं सांगितलं. खिडकीतून जमिरुल दिसला. बाकावर बसला होता, गोणपाट मांडीवर घडी घालून. त्यानं मला बघितलं आणि मान हलवली, म्हणजे काळजी करू नका. मला! मास्तर त्या रविवारी मला लबाड म्हणाले असते तर मला उठून जाता आलं नसतं.

सोमवार, मारुंजी

अश्विनीचं घर चौदाव्या मजल्यावर. खाली बघितलं तर इमारतींच्या मधे ज्वारीचा एक तुकडा उभा होता, अजून विकला गेला नसावा. एवढ्या उंचावरून ज्वारी बघायची मला सवय नाही.

तिच्यासोबत मौमिता नावाची मुलगी राहते. कोलकात्याची, हिच्याच कंपनीतली. सकाळी तिनं मूगडाळीची खिचडी केली. मी माळकरी, म्हणून तिनं कांदा-लसूण, मासळी सगळं बाजूला ठेवलं होतं. वर मोहरीच्या तेलात तळलेलं वांगं. त्या तेलाचा वास नाकात चढतो, पण दुसऱ्या घासाला गोडी लागते. साबिना आमच्या वस्तीवर हाच वास काढते आणि मी सात वर्षं त्याला नावं ठेवत आलो. चाखून बघितलं नव्हतं.

जमिरुलचा मालद्याचा भाऊ फोनवर बंगालीतच बोलत होता. अश्विनीला काही कळेना. मौमितानं फोन घेतला आणि अर्धा तास बोलली. मधेच हसली, मधेच तिचा आवाज बारीक झाला. फोन ठेवून मला म्हणाली, "आजोबा, उनका घर आम के बगीचे के पास है. भाई रो रहा था. सब कागज भेज रहा है." शाळेचा दाखला आला, बापाचं मतदार यादीतलं नाव आलं, घराच्या जागेचा उतारा आला. सगळं बंगालीत. तिनं एकेक वाचून इंग्रजीत लिहून काढलं. त्या दिवशी दोघींनीही रजा टाकली.

लिफ्टनं उतरताना मी तिला विचारलं, "पोरी, तू बी बंगालची. तुला कुणी इचारलं का, कुठनं आलीस म्हणून?"

ती म्हणाली, "सोसायटीवाले पूछते हैं, मछली कहाँ अच्छी मिलती है."

चौकीत फौजदार मॅडम होत्या. माझ्या अश्विनीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. वैशालीताई आल्या होत्या. टोपीवाले साहेबही जबाब द्यायला आले होते.

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "काल तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात भाडेकरू नाही."

"न्हाईच हाय."

"मग हा कोण?"

"जमिरुल. माझ्या वस्तीवर राहतो."

"किती वर्षं?"

"सात."

"म्हणजे भाडेकरू."

"भाडं देत न्हाई तो. गड्याकडनं भाडं घ्यायचं? मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "माझं गाव जाऊ द्या. फॉर्म का नाही भरला?"

"तेच सांगतोय की. भाडेकरू न्हाई, म्हणून."

मागं हवालदार खोकला आवरत होता. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या ह्या अभिमानापायी एक माणूस रात्रभर इथं बसलाय. आम्ही त्याला कालपासून विचारतोय, खरं गाव सांग. तो चाकणच सांगतोय. आज सकाळी कुठं मालदा म्हणाला. असं का?"

जमिरुल उठून उभा राहिला. म्हणाला, "काका बोला था ना, चाकण बोल. काका का इज्जत का बात था. लोग ताली बजा रहा था, हम सुना."

त्याला गेटवरून ऐकू गेलं होतं. बाहेरचा माणूस नाही, घरचाच हात, सगळं.

टोपीवाले साहेब मला म्हणाले, "आजोबा, तुम्हीच म्हणालात ना की बाहेरचा कुणी नाही? म्हणून मला वाटलं, हा लपवलाय. लपवतात कुणाला?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते चुकीचंही बोलत नव्हते. बिनकागदाचा माणूस सीमा ओलांडून आला तर सरकारनं त्याला विचारावं, असं मलाही वाटतं. ते मी पारावर बसून म्हणतो आणि पुढंही म्हणेन. पण हा तसा नव्हता. कागदवाल्या माणसाला बिनकागदाचा मी केला होता, माझ्या तोंडानं.

मी तिसरी शिकलेला माणूस. पण आयुष्यात कुणापुढं चूक कबूल केली नव्हती, बायकोपुढंही नाही. त्या दिवशी चौकीत उभा राहिलो आणि म्हणालो, "लिहून घ्या. मी खोटं बोललो. माझ्या रानातली मेथी ह्यानं पेरली, ह्यानं निंदली, ह्याच्या बायकोनं बांधली. मी बांधावर बसून बिडी ओढतो. हा सात वर्षं माझ्याकडं हाय. आता तो फॉर्म आणा, कुठला असंल तो."

फॉर्ममध्ये भाड्याचा रकाना होता. मी म्हणालो, तिथं रेघ मारा. मॅडमनी रेघ मारली. मग त्यांनी स्वतः मालद्याला फोन लावला. तिकडच्या ठाण्यातून खात्री यायला उद्या दुपार होईल म्हणाल्या. संध्याकाळी जमिरुलसाठी टोपीवाले साहेबांच्या घरून डबा आला. मी तो झाकण उघडून बघितला: पोळ्या, फ्लॉवरचा रस्सा. फ्लॉवर रविवारी विकलेला, आमच्याच रानातला होता.

मंगळवार, देहूवरून घरी

दुपारी दीडला खात्रीचा कागद आला. मॅडम म्हणाल्या, "हा कागद जपून ठेव. आणि पुन्हा कुणी काहीही शिकवलं तरी स्वतःचं गाव सांगायचं." बोलल्या त्याला, बघितलं माझ्याकडं.

टेंपोवाला आपणहून परत आला होता. आम्ही देहूच्या रस्त्यानं निघालो. देहू आलं तसं मी गाडी थांबवली, कळसाला हात जोडले आणि नदीवर उतरलो. इंद्रायणीला वरच्या अंगाला फेस आलेला, पांढरा, साबणाचा असतो तसा. आम्ही पायरीवर बसलो. तिथल्या गाड्यावर गरम भजी मिळाली. जमिरुल भजी हातात धरून पाण्याकडं बघत बसला.

"खा की."

"खाता हूँ, काका."

"मारलं का कुणी?"

"नहीं. मारा नहीं. चाय दिया." मग म्हणाला, "बाजू में दो लोग था. उनका कागज नहीं था. वो रोता था. हमको डर लगा, हम भी वैसा हो गया क्या."

मी आपला विषय बदलला. म्हणालो, कांद्याचं रोप पन्नास दिवसांचं झालंय, आता लागण थांबायची नाही. तो काही बोलला नाही. सात वर्षांत असं झालं नव्हतं. रोपाचं नाव काढलं की तो वाफे मोजायला लागायचा. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा सुटला खरा, पण हा आता राहायचा नाही. टेंपो निघाला. येलवाडी गेली, म्हाळुंगे गेलं, कंपन्यांच्या भिंती सुरू झाल्या. दुसरी शिफ्ट आत शिरत होती. मी त्या गर्दीकडं बघत बसलो आणि त्यानं मागं गोणपाट ओढून घेतलं.

वस्तीवर उतरलो तेव्हा ऊन होतं अजून. साबिना दारात उभी होती. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, हात धरून उलटेपालटे करून बघितले. मग आत गेली. छपराच्या दारात दोन पोती आणि एक मोठं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढलेलं.

"आमी जानार," ती आतूनच म्हणाली. "गावाला."

माझा थोरला मुलगा तोवर आला होता. तो म्हणाला, "अहो, आता सुटला ना तो? मग?" मी त्याला गप्प बस म्हणालो.

बाहेर बाज होती, तिच्यावर मी बसलो. म्हणालो, "साबिना, जायचं आसंल तर जा. स्टेशनला मी सोडाया येतो, मी गाडीत बसवून देतो. पर मला बोलायचं हाय. ह्याला पोलिसानं न्हाई धरला. मी धरून दिला. लोकांनी टाळ्या वाजवाव्या म्हणून." हे हिंदीत कसं सांगायचं मला येत नव्हतं, म्हणून मी मराठीतच सांगितलं, हळू, एकेक शब्द. तिला किती कळलं कोण जाणे. पुढं म्हणालो, "तुमी दोघं हायसा म्हणून माझं रान हाय. हे मी कधी बोललो न्हाई. आज बोलतो."

जमिरुल खाली बघत होता. विहिरीवरची मोटार चालू होती तेवढाच आवाज.

मग साबिना दारात आली. डोळे पुसलेले होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, च्या घेनार?"

मी हो म्हणालो.

पातेलं, गाळणी, कप, सगळं त्या गाठोड्यात होतं. तिनं गाठ दातानं सैल केली, मग बोटांनी. घट्ट बांधलेली होती, सुटायला वेळ लागला. जमिरुल उठून तिच्याशेजारी बसला आणि दुसरं टोक धरलं.